शिवलेले जहाज समुद्रात टिकते कसे?

प्रश्न : गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज खिळे न ठोकता, फळ्या काथ्याने शिवून तयार केल्याचे वाचले. असे जहाज भर समुद्रात टिकते कसे? ही कारागिरी आज कोणाच्या हाती उरली आहे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जहाज टिकण्याचे कारण त्या टाक्यांतच आहे. फळ्या कडेला कड भिडवून बसवतात, कडांजवळ ओळीने भोके पाडतात, सांध्यावर आतल्या बाजूने नारळाच्या तंतूंची जाड वळकटी ठेवतात आणि तिच्यावरून काथ्याचा दोर भोकांतून आरपार ओवून आवळतात. एक कारागीर आत आणि एक बाहेर असतो. दोघांची ओढ सारखी नसेल तर टाका सैल राहतो आणि तेथूनच पाणी शिरते. भोके तंतू व राळ यांनी बुजवली जातात. आतल्या फासळ्या त्यानंतर बसतात, म्हणजे जहाजाला आकार येतो तो फळ्यांमुळे. असा सांधा लाटेच्या माऱ्याने किंचित लवतो, पण तडकत नाही, आणि वाळूच्या किनाऱ्यावर नाव ओढून घेतानाही हाच लवचीकपणा उपयोगी पडतो.

पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आल्यानंतर खिळ्यांची पद्धत रुळत गेली. कच्छमधील मांडवी आणि केरळमधील बेपूर येथे मोठी लाकडी जहाजे आजही बांधली जातात, पण ती खिळ्यांचीच. शिवणकाम टिकून राहिले ते मुख्यतः केरळच्या लहानमोठ्या नावांत, आणि ‘कौंडिण्य’चे प्रमुख कारागीर बाबू शंकरन हेही केरळचेच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजाखेरीज हाती नमुना नसताना त्यांच्या चमूने हे काम तडीस नेले, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालेले जहाज १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले, ही आमच्या मते अलीकडच्या काळातील फार मोलाची घटना आहे.

तरीही एका जहाजाने ही विद्या सावरली, असे मानता येणार नाही. काथ्याचे टाके कालांतराने झिजतात आणि ते उसवून नव्याने घालावे लागतात. हे काम गोवा आणि कोकणातील तरुण सुतारांना शंकरन यांच्यासारख्या जाणत्या कारागिरांच्या हाताखाली, योग्य मजुरी देऊन शिकवले जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.