गेटावरचा वजनकाटा यादीत आहे का?

प्रश्न : नमस्कार ताई. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात. दोन्ही पाळ्या धरून १६० माणसं, आणि आयटीला मी एकटाच. जिन्याखालच्या खोलीत तीन सर्व्हर आहेत. एकावर ईआरपी (खरेदी, स्टॉक, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा डेटाबेस, दुसऱ्यावर टॅली आणि सगळ्यांच्या फायली, तिसऱ्यावर हजेरी. ईआरपीच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. गेल्या उन्हाळ्यात एसी गेला आणि तो दोनदा बंद पडला. तेव्हापासून शेठ म्हणतात, ‘दिवाळीच्या आत सगळं क्लाउडवर टाका,’ म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर. एका व्हेंडरने खोलीत येऊन कॉन्फिगरेशनचे फोटो काढले आणि दुसऱ्याच दिवशी कोटेशन पाठवलं. सही करण्याआधी काय काय तपासायचं?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : सही थांबवा, हे पहिलं. व्हेंडर वाईट असेल असं नाही, पण त्याने खोली बघितली, कारखाना बघितला नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये सर्व्हर बसवण्यात आणि हलवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली एक सोमवारची सकाळ मी विसरलेले नाही. शनिवारी रात्री आम्ही एका कारखान्याचं ईआरपी क्लाउडवर नेलं. रविवारी अकाउंट्स, स्टोअर्स, परचेस सगळ्यांना बसवून तपासून घेतलं. कुठे काही अडलं नाही. सोमवारी सकाळी सातला फोन आला : स्टीलच्या कॉइलचे ट्रेलर गेटावर उभे आहेत, वजनाची पावती निघत नाही. मी पोचले तेव्हा रांग रस्त्यावर आली होती. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये टेबलाखाली, डब्याच्या पिशवीशेजारी, धुळीने माखलेला एक काळा सीपीयू होता. वजनकाट्याची केबल त्याच्या सिरियल पोर्टला जोडलेली. दर वजनाला तो एक छोटी टेक्स्ट फाइल जुन्या सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायचा, आणि ईआरपी दर दोन मिनिटांनी ती उचलायचं. ज्याने हे बसवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. केबिनमधले काका म्हणाले, ‘मॅडम, हे मशीन मी रोज सकाळी चालू करतो. मला कोणी विचारलंच नाही.’ खरंच होतं ते. ऑफिसातल्या प्रत्येकाला मी विचारलं होतं, गेटावर गेले नव्हते. दुपारपर्यंत पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. ते ड्रायव्हर तोवर उन्हात ताटकळले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुमची तपासणी जिन्याखालून नको, गेटापासून सुरू करा. वही घ्या आणि मालाच्या मागे चाला : गेट, इनवर्ड, स्टोअर्स, प्रेस शॉप, क्वालिटी, पॅकिंग, डिस्पॅच आणि शेवटी बिल. जिथे जिथे माणूस बसतो तिथे त्याला विचारा, सकाळी आल्यावर काय चालू करता, कुठल्या आयकॉनवर क्लिक करता, लेबल कुठल्या प्रिंटरवर निघतं. दुसऱ्या पाळीलाही एकदा जा. रात्रीची माणसं वेगळ्याच युक्त्यांनी काम काढतात.

माणसांनी सांगितलेलं मग सर्व्हरकडून पडताळून घ्या. सर्व्हरशी कोण कोण जोडलंय ते दाखवणाऱ्या नेटस्टॅट या कमांडच्या आउटपुटची नोंद दर पाच मिनिटांनी फाइलमध्ये जाईल असं लावून ठेवा. महिनाभरात कोणकोणते आयपी पत्ते, म्हणजे मशीनचे नेटवर्कवरचे नंबर, येऊन गेले ते दिसतं. त्यातला जो पत्ता तुम्हाला ओळखू येत नाही, त्या मशीनपर्यंत पायी जा. टास्क शेड्युलर आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एजंटमधले जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, एकेक उघडून वाचा. रात्री साडेअकराला चालणारा, नावावरून काहीच न कळणारा जॉब बहुतेक ठिकाणी सापडतो, आणि कस्टमरला जाणारं शेड्यूल नेमकं त्याच्यावर अवलंबून असतं.

बाहेरच्या जोडण्याही याच वहीत लिहा. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, म्हणजे तुम्हाला लागतच असणार. ईआरपी ते पोर्टलशी थेट जोडून काढत असेल तर तिकडे तुमचा आयपी पत्ता नोंदवलेला असतो. बँकेच्या थेट पेमेंटचंही बहुधा तसंच. सर्व्हर हलला की पत्ता बदलतो आणि बिल निघायचं थांबतं. नवा पत्ता नोंदवायला लागणारे दिवस आधीच धरून ठेवा.

आता कोटेशन. व्हेंडरने फोटोतले प्रोसेसरचे कोर आणि रॅम जसेच्या तसे उतरवले असतील, याबद्दल मला शंका नाही. आपण सर्व्हर घेताना पुढची पाच-सात वर्षं धरून मोठा घेतो आणि एकदाच पैसे देतो. क्लाउडवर भाडं दर तासाला चालू राहतं, न वापरलेल्या कोरचंसुद्धा. विंडोजमधल्या परफॉर्मन्स मॉनिटरवर प्रोसेसर, मेमरी, डिस्कचं वाचन-लेखन आणि नेटवर्क यांची महिनाभर नोंद घ्या. महिनाअखेरीचा स्टॉक आणि पुढच्या महिन्यातली ११ तारखेची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, गडबड त्यात आलीच पाहिजे. आकडे हातात आले की सरासरीवर जाऊ नका. सरासरीत रात्रीची सामसूम आणि सुटीचे दिवस मिसळलेले असतात. सगळ्या नोंदी चढत्या क्रमाने लावा आणि शंभरातली पंचाण्णवावी नोंद बघा. सर्व्हर क्लाउडवर नेण्याआधी मोजणी करणारं मायक्रोसॉफ्टचं अझ्युर मायग्रेटही मुळात हाच ९५ चा हिशोब धरतं. नवं मशीन त्या आकड्याला पुरून थोडं उरलं पाहिजे.

डिस्कचा आकडा बहुतेक जण सोडून देतात. सीपीयू निवांत आणि डिस्क घामाघूम, अशी ईआरपी मी भरपूर पाहिली आहेत.

आणखी एका गोष्टीवर मी अडून बसते : अंतर. ईआरपीची एक स्क्रीन उघडताना प्रोग्राम डेटाबेसला हजारो छोटे प्रश्न विचारू शकतो. कारखान्यातल्या कारखान्यात एका प्रश्नाला अर्धा मिलिसेकंद धरला तर पाच हजार प्रश्नांना अडीच सेकंद लागतात. तोच डेटाबेस दूर गेला आणि एका फेरीला दहा मिलिसेकंद लागू लागले, की पन्नास सेकंद. मशीन कितीही मोठं घ्या, हे कमी होत नाही. ॲमेझॉनची डेटा सेंटर २०१६ पासून आणि गुगलची २०१७ पासून मुंबईत आहेत, मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून पुण्यात. नाशिकहून तशी जवळच, पण एकाच इमारतीतल्या सर्व्हरची सर त्याला येत नाही. तेव्हा डेटाबेस एकटा पाठवू नका. ईआरपीचा प्रोग्राम त्याच्याबरोबर क्लाउडवरच चालू दे आणि माणसांनी रिमोट डेस्कटॉपने किंवा ब्राउझरमधून तिकडे जावं. आधी एक चाचणीचं मशीन आठवडाभर भाड्याने घ्या, आणि डिस्पॅचच्या माणसाला त्यावर खरंच चलन काढायला बसवा. त्याचा चेहरा बघा.

इंटरनेटचं मोजमाप करताना अपलोडचा वेग बघा. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून चालली तरी एक टीबी चढायला २२ तास लागतात, २० ची असेल तर साडेचार दिवसांच्या वर. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घ्याच, आणि ती दुसऱ्या वाटेने येते का हे स्वतः बघा. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघणारच. दोन्ही केबल एकाच चरात असतील तर एकाच फावड्याने तुटतील.

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. तो तसाच उचलून नेलात तर जुनं दुखणं नव्या घरात येईल. ईआरपीवाल्याकडून लेखी घ्या, त्यांचं सॉफ्टवेअर कुठल्या नव्या विंडोजवर आणि कुठल्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. मागे यूएसबी डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, लावलेलं आहे का तेही बघा. ते क्लाउडवरच्या मशीनला नुसतं खोचता येत नाही.

एवढं झालं की प्रत्येक गोष्टीपुढे लिहा : जाणार, राहणार की बंद होणार. सीएनसीला (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्राम पाठवणारा पीसी राहू द्या, त्याचं काम मशीनशेजारीच आहे. बंद करण्यासारखंही बरंच निघेल. फायलींच्या सर्व्हरवर एकाच ड्रॉइंगच्या चार-चार प्रती असतात, त्यांचं भाडं कशाला भरायचं? जीएसटीच्या नोंदी मात्र वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, त्यांना हात लावण्याआधी सीएंना विचारा. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर असला पाहिजे. हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

दिवाळीबद्दल शेठना मोकळेपणाने सांगा : एक महिना मोजणीचा, पंधरा दिवस चाचणीचे. तोवर जिन्याखालच्या खोलीत दुसरा एसी बसवून घ्या, तो खर्च वाया जाणार नाही. आणि डिस्पॅचला एक प्रश्न शेठच्या समोर विचारा : ‘सिस्टीम किती वेळ बंद पडली तर गाडी चुकते?’ जे उत्तर येईल त्यावरून बॅकअप आणि दुसऱ्या लाइनचे पैसे मंजूर करून घ्या.

प्रश्न : आमचं दिंडोरी रोडला द्राक्षांचं छोटं पॅकहाउस आहे. आम्हालाही सर्व्हर क्लाउडवर न्यायचा आहे. वर्षातले आठ महिने काम अगदी थोडं असतं. मग सर्व्हरवरच्या कामाची मोजणी आत्ता जूनमध्ये केली तर चालेल का?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : जूनमधल्या मोजणीत काहीच दिसणार नाही. तुमचं खरं वजन फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, जेव्हा क्रेट मोजणं, लेबल, पॅलेटच्या नोंदी आणि कंटेनरची कागदपत्रं एकाच वेळी चालतात. मागच्या सीझनचे डेटाबेसचे बॅकअप असतील तर फाइल दररोज किती वाढली ते त्यातून काढता येईल, तेवढ्यावर कच्चा अंदाज बांधा. पक्की मोजणी येत्या सीझनला करा आणि हलवाहलव एप्रिलची खरड छाटणी उरकल्यावर. लेबल छापणारा पीसी आणि प्रिंटर पॅकहाउसमध्येच ठेवा, आणि नेट गेलं तरी दिवसभराची लेबलं निघतील एवढा डेटा त्या पीसीवर असू द्या. प्री-कूलिंगच्या (माल थंड करायच्या खोलीच्या) दारात माल उभा असताना मुंबईतल्या सर्व्हरची वाट बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये.