चाप ओढला, टक् झालं, गोळी सुटलीच नाही

प्रश्न : बाबांची ३१५ बोरची, ईशापूर कारखान्याची बोल्टवाली रायफल आहे (बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा, हाताने मागेपुढे करायचा लोखंडी भाग), त्यांच्यानंतर रीतसर लायसन्स माझ्या नावावर झालं. निवडणुकीत ठाण्यात जमा होती, परत आल्यावर पुसून बोल्टला भरपूर खोबरेल तेल लावून ठेवली, बाबा पण तेच लावायचे. आता जानेवारीत सकाळी रेंजवर नेली तर चाप ओढल्यावर नुसतं टक् होतं, मागची गुंडी हाताने ओढून परत चाप दाबला तर कधी सुटते कधी नाही. दुकानदार म्हणतो काडतुसं जुनी, मित्र म्हणतो स्प्रिंग बदल. नक्की काय करू?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : स्प्रिंगचं नंतर बघू, आधी ते टक् झाल्यावर तुम्ही लगेच गुंडी ओढता ना, ते आजपासून बंद करा. कधीकधी काडतुसातली दारू उशिरा पेटते, म्हणजे टक् होतं, क्षणभर काहीच नाही आणि मग बार उडतो, आणि तेवढ्यात तुम्ही बोल्ट उघडलेला असला तर ते सगळं तोंडावर येतं. म्हणून नळी टारगेटकडेच धरून ठेवायची, निदान ३० सेकंद, मी तर म्हणतो पूर्ण मिनिट जाऊ द्या, आणि मग चेहरा बाजूला घेऊन बोल्ट हळू उघडायचा. न सुटलेलं काडतूस परत भरायचं नाही, वेगळं ठेवायचं. आणि टक् ऐवजी फुस्स असा बारीक आवाज आला तर त्या दिवशी फायरिंग बंदच, गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फाटते.

आता ते वेगळं ठेवलेलं काडतूस उजेडात धरा आणि बुडाच्या मधोमध जी छोटी गोल कॅप असते तिच्यावर पिनेची, म्हणजे चाप ओढल्यावर बोल्टमधून येऊन आदळते तिची, खूण बघा, अर्धं उत्तर तिथेच असतं. खूण चांगली खोल आणि मधोमध असेल तर पिनेने तिचं काम केलंय, काडतूस खराब आहे. खूण उथळ असेल, नुसतं टेकल्यासारखी, तर काडतुसाला दोष देऊ नका, मार कमी पडतोय. खूणच नसेल तर पीन पोचलीच नाही, तुटली असेल किंवा झिजली असेल. ही खूण सुटलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीशी ताडून बघू नका हं, बरेच जण तिथेच फसतात, कारण बार उडाला की आतल्या दाबाने कॅप मागे दाबली जाऊन पिनेभोवती बसते आणि खूण वेगळीच दिसते. न सुटलेल्याची तुलना न सुटलेल्याशीच करायची.

तुमच्या पत्रात दुसऱ्या टोल्याला कधीकधी गोळी सुटते असं आहे, म्हणजे काडतूस जिवंत होतं आणि पहिला टोला कमी पडला. माझा पहिला संशय त्या खोबरेलावर. ग्वाल्हेरच्या थंडीत घरातली खोबरेलाची बाटली बघा, गोठून पांढरी झालेली असते, बादलीतल्या गरम पाण्यात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही, कारण साधारण २४ डिग्रीच्या खाली ते घट्ट व्हायलाच लागतं. तेच तेल तुमच्या बोल्टच्या आत आहे. तिथे लांब पीन, तिच्याभोवती स्प्रिंग, आणि चाप ओढल्यावर त्या पिनेने एका झटक्यात पुढे जायला हवं, ती गोठलेल्या तेलातून रेटत जाते आणि कॅपपर्यंत पोचेस्तोवर जोर संपलेला असतो. त्यात ठाण्यातल्या मालखान्यात महिनोन् महिने पडून बसलेली धूळ, ती तेलात मिसळली की काळा चिकट लगदा होतो. बाबा उन्हाळ्यात बंदूक काढत असतील तर त्यांना कधी त्रास झालाही नसेल. सरसोंचं तेल पण नको, ते कालांतराने गोंदासारखं चिकटतं.

तर करायचं असं. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा, मॅगझिन काढा, नळीचा मागचा भाग डोळ्याने बघून आणि बोट घालून रिकामा असल्याची खात्री करा. मग बोल्ट बाहेर काढून रॉकेलमध्ये, चुलीपासून गॅसपासून लांब, चांगला बुडवून हलवा, काळं पाणी निघेल, ते थांबेपर्यंत रॉकेल बदलत राहा. फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मग बंदुकीचं पातळ तेल, नुसता हात फिरवल्याइतकं. जिथे काडतूस बसतं ती जागा पण कापडाने कोरडी करा, तिथे कचरा असला तर काडतूस पूर्ण बसत नाही आणि पिनेचा मार त्याला पुढे ढकलण्यातच जातो, दुसऱ्या टोल्याला सुटतं त्यामागे हे पण कारण असू शकतं. काडतुसांना तेल अजिबात नको. आणखी एक, बोल्टचा दांडा पूर्ण खाली बसतोय ना बघा, अर्धवट राहिला तर ह्या रायफलीत पिनेचा जोर तो दांडा खाली ओढण्यात खर्च होतो.

एवढं करून पण खूण उथळ येत असेल तर मग स्प्रिंग थकलेली, किंवा पीन पुढे कमी येतेय, किंवा बोल्टच्या तोंडाशी झीज. ते घरी नाही. पीन काढायला वेगळं हत्यार लागतं आणि मागच्या गुंडीत ती कमीजास्त फिरली की पुढे किती बाहेर येते तेच बदलतं, जास्त आली तर कॅप फुटते. लायसन्सवाल्या मिस्त्रीकडेच द्या, ओळखीच्या खराद्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, नाही, दुरुस्तीला पण आर्म्स ॲक्टमध्ये परवाना लागतो. दुसऱ्याचा बोल्ट आणून बसवू नका, बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच हवा.

प्रश्न : माझ्याकडे पण शिकारीची जुनी रायफल आहे. शेतात रोजडे (नीलगाई) येतात, लग्नसराई पण आहे. कपाटातली वडिलांच्या काळातली काडतुसं संपवून टाकू का?
– एक वाचक, मुरार

उत्तर : नको. दोन्हीकडे नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, रोजड्यांसाठी सरकारी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि लग्नात हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीपासून थेट गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या भागात वरातीत माणसं गेलीत हो, त्यात असं जुनं काडतूस उशिरा पेटलं तर तोवर नळी कोणाकडे वळलेली असेल सांगता येत नाही. पितळ हिरवं पडलंय, कॅपभोवती गंज आहे, गोळी हाताने हलते, अशी काडतुसं वेगळी काढून लायसन्सवाल्या डीलरला दाखवा आणि जमा करायची काय पद्धत आहे ती ठाण्यात विचारा. जाळू नका, पुरू नका, कचऱ्यात तर नाहीच. बाकीची दिसायला ठीक असली तरी रेंजवरच, जाणकार शेजारी उभा असताना.