परतीच्या पावसात घोड्याची काळजी कशी घ्यावी?

ऑक्टोबरात मुंबईत दुपारी रणरणतं ऊन आणि संध्याकाळी विजांचा कडकडाट. आभाळ भरून आलं की घोडा लगेच आत घ्या, झाडाखाली तर मुळीच बांधू नका. तबेल्याचा सुटलेला पत्रा आधी ठोकून घ्या. गडगडाटाइतकीच घोडी त्या खडखडाटालाही बुजतात.

खरी मेख मात्र खुरांत आहे. रोज चारही खूर उचलून कोरून साफ करा. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागातून काळपट, कुबट वासाचा चिकटा येत असेल तर खूर सडायला लागलाय, पशुवैद्याला दाखवा. खाली भुसा कोरडाच हवा.

आणि ओल लागलेलं, बुरशी धरलेलं गवत सरळ फेकून द्या, कितीही महाग पडलं असलं तरी. त्याने खोकला लागतो, पोटशूळही उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं.