टोपलीभर खेळणी आणि कंटाळलेला बोका

"दिवसभर नुसता लोळत असतो. रात्री मात्र अंगावर उड्या मारतो. आणि एवढी खेळणी आणली, त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही." घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरांच्या वागण्याबद्दल मी समुपदेशन करते आणि बोलणं बहुतेक वेळा याच तीन वाक्यांनी सुरू होतं. मग आवाज जरा खाली येतो. "आम्ही त्याला कोंडून ठेवून त्याच्यावर अन्याय तर करत नाही ना?" खरं दुखणं हे शेवटचं. इतक्या जणांच्या तोंडून ते ऐकलंय की एका घराची हकिगत लिहून काढावी असं वाटलं. नावं अर्थातच बदललेली आहेत.

मीनल आणि समीर, दोघंही नोकरी करणारे. बोका अडीच वर्षांचा, नसबंदी झालेला, नाव खंड्या. पहाटे साडेचारला त्याचं ओरडणं सुरू व्हायचं. मग दार ओरबाडायचं, कपाटावरच्या वस्तू एकेक करून खाली ढकलायच्या, आणि पांघरुणाखाली कुणाचा पाय जरा हलला की त्यावर झडप. आदल्या आठवड्यात समीरच्या पोटरीला दात लागून रक्त आलं होतं. समीरचं म्हणणं, बोका चिडका आहे. मीनलचं म्हणणं, तो दुःखी आहे.

मी आधी दवाखान्याचं विचारते. वागणं एकाएकी बदललं तर तो कंटाळाच असेल असं धरून चालता येत नाही. दात किंवा सांधे दुखत असले तरी मांजर खेळणं सोडतं. वय झालेलं मांजर रात्री ओरडायला लागलं तर थायरॉइड आणि रक्तदाब बघावा लागतो. आणि बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसतोय पण होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याला तडक डॉक्टरांकडे न्यायचं. लघवी तुंबली तर जीव जाऊ शकतो. खंड्याची तपासणी नुकतीच झाली होती आणि तो ठणठणीत होता. मग मी म्हणाले, "आता त्याचा दिवस सांगा."

"सकाळी आठला वाटी भरतो आणि आम्ही निघतो. संध्याकाळी सातला परत."

"मधे तो काय करतो?"

"झोपतो."

"आणि जागा असतो तेव्हा?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मीनल म्हणाली, "आमची वाट बघत असेल."

मी त्यांना म्हटलं, त्याच्या दिवसात एकच घटना आहे, ती म्हणजे भरलेली वाटी, आणि ती पाच मिनिटांत संपते. आफ्रिकी रानमांजर हा आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज. माणसाच्या सोबतीला मांजर आलं त्याला हजारो वर्षं झाली. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. पण एवढ्या काळात आपण कुत्र्यासारखं मांजराला घडवलंच नाही. उंदीर मारण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्याच्या रक्तात जसंच्या तसं उरलं. उंदरांवर जगणारं मांजर दिवसात एकदा-दोनदा पोटभर जेवत नाही. ते आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा थोडं थोडं खातं, आणि प्रत्येक घासाआधी शोध, दबा, पाठलाग, झेप. त्यातल्या कितीतरी झेपा फुकट जातात. सावज पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतं, म्हणून मांजरही तेव्हाच जागं असतं. साडेचारला खंड्या कुणावर सूड उगवत नव्हता. त्याची कामाची वेळ झालेली असायची आणि त्या वेळी घरात हलणारी एकच गोष्ट होती, समीरचा पाय.

समीरला हे पटल्यासारखं झालं, पण त्याचा प्रश्न रास्त होता. "मग खेळणी आहेत ना टोपलीभर. ती का नाही मारत?"

या प्रश्नाचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. 2002 साली ब्रिटिश संशोधकांनी मांजरांच्या खेळाचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. तेच खेळणं पुन्हा पुन्हा पुढे केलं की मांजराचा रस झपाट्याने ओसरतो. पण लगेच वेगळं दिसणारं, वेगळ्या स्पर्शाचं खेळणं दिलं की तेच मांजर पुन्हा जोमाने खेळतं. याच मंडळींना हेही आढळलं होतं की पोट रिकामं असताना खेळ जास्त जोरदार होतो. शिकारीच्या नजरेने बघा. पंजा मारून जे बदलत नाही, फाटत नाही, ज्याचं पीस निघत नाही, ते सावज नव्हे. टोपलीत महिनोन्‌महिने पडलेलं खेळणं खंड्याच्या लेखी घरातल्या फर्निचरपैकी एक झालेलं होतं. मांजर खेळण्याला कंटाळतं, खेळाला नाही.

पण खरी गाठ सुटली ती पुढच्या भेटीत. मी मीनलला सांगितलं होतं की खंड्याशी खेळतानाचं चित्रण करून आणा. काठीला दोरी आणि दोरीला पिसं, असं नेहमीचं खेळणं. मीनल ती पिसं त्याच्या तोंडासमोर नाचवत होती, मिशांना लागतील इतक्या जवळ. खंड्या मान मागे घेत होता. एकदा पंजा मारला, तोही नाइलाजाने, आणि पाठ फिरवून बसला.

"हे असं," समीर म्हणाला. "दोन मिनिटांत संपलं."

"पुढे चालू द्या."

मीनलने काठी जमिनीवर ठेवली होती आणि फोन बंद करायला ती उठत होती. उठताना तिचा पाय काठीला लागला, पिसं फरशीवरून घसरत पडद्याआड गेली आणि एक तपकिरी टोक तेवढं बाहेर राहिलं. खंड्याचे कान पुढे वळले. पोट जमिनीला टेकलं. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या पसरल्या की हिरवा रंग दिसेनासा झाला. मग चित्रण संपलं.

"शेवटी काय करत होता तो?" मी विचारलं.

"काही नाही, नुसता बसला होता," समीर म्हणाला.

"पुन्हा लावा. फक्त मागचे पाय बघा."

पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मीनल फोनवर वाकली होती. "हलतायत," ती हळूच म्हणाली. "मागचे पाय आळीपाळीने हलतायत. शेपटीचं टोकही." मग ती ताठ बसली. "म्हणजे मी खेळ थांबवला तेव्हा त्याचा सुरू झाला."

कितीतरी घरांतून जे समजावण्यासाठी मी शब्द शोधत आले होते, ते तिने एका वाक्यात सांगितलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि ते वाक्य तिचं तिला सापडलं याचं जास्त. आपण खेळ म्हणजे धावपळ समजतो, कारण मुलांचा आणि कुत्र्यांचा खेळ तसा असतो. मांजराच्या खेळातला सगळ्यात मोठा भाग बघण्याचा असतो. ते टक लावतं, अंतर मोजतं, दबा धरतं; उडी शेवटच्या क्षणाची. बघणारं मांजर रिकामं बसलेलं नसतं. आणि कोणतंही सावज शिकाऱ्याच्या तोंडाशी येऊन नाचत नाही. ते लांब पळतं, आडोशाला जातं, थबकतं, पुन्हा जरासं सरकतं. पिसं नाकासमोर फडफडली तर शिकारी बिचकतोच.

तेव्हापासून मीनलचं खेळणं पार बदललं. काठी तीच, पण आता पिसं खंड्यापासून दूर जायची, उशीमागे लपायची, सतरंजीच्या कडेखालून खुडखुड आवाज करायची. मधे बराच वेळ काहीच हलायचं नाही. समीरला हे थांबणं जड जायचं. त्याचा हात शिवशिवायचा. मी त्याला म्हटलं, तुम्ही थांबता तेव्हाच त्याचा खेळ रंगतो.

दुसरी गोष्ट, जिच्यावर मी हट्टाने अडून बसते: शिकार पूर्ण होऊ द्या. पाच ते दहा मिनिटं पुरतात, पण शेवटी सावज दमलं पाहिजे, पकडलं गेलं पाहिजे, आणि मांजराला ते दातांत धरून मागच्या पायांनी लाथाडू दिलं पाहिजे. लगेच पाठोपाठ जेवण. खाणं झालं की मांजर अंग चाटतं आणि झोपतं. हा क्रम निसर्गानेच लावून दिलेला आहे, आपण तो फक्त आपल्या वेळेला जोडून घ्यायचा. म्हणून त्यांच्या घरी खेळाची वेळ ठरली रात्रीच्या जेवणाच्या आधी आणि सकाळी निघण्यापूर्वी. लेझरचा लाल ठिपका मला आवडत नाही तो याचसाठी. मांजर त्यामागे वेड्यासारखं धावतं आणि पंजात कधीच काही येत नाही. वापरायचाच असेल तर ठिपका शेवटी खाऊच्या दाण्यावर किंवा खऱ्या खेळण्यावर नेऊन थांबवा, आणि डोळ्यांवर कधीही मारू नका.

मांजरांच्या डॉक्टरांच्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2013 मध्ये घरातल्या मांजराच्या गरजा पाच आधारांत मांडल्या: सुरक्षित जागा, खाणं, पाणी आणि शी-शूची माती एकमेकांपासून वेगवेगळ्या ठिकाणी, खेळ आणि शिकारीची संधी, माणसांची भरवशाची सोबत, आणि मांजराच्या नाकाचा मान राखणारं घर. पाचही हवेतच, पण माझा कल उघड आहे. तिसरा आधार कच्चा असेल तर उरलेले चार असूनही मांजर बेचैन राहतं, असा माझा अनुभव आहे.

दिवसभराच्या एकटेपणासाठी आम्ही वाटी बंद केली. तेवढंच कोरडं खाद्य घरभर विखुरलं गेलं: थोडं पुठ्ठ्याच्या नळीत, थोडं चुरगळलेल्या कागदांच्या खोक्यात, थोडं उंच फळीवर. खाद्य एकूण वाढवायचं नाही, नाहीतर करमणुकीऐवजी लठ्ठपणा पदरात पडतो. इथे एक धोका असतो. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांजरांपुढे साधी थाळी आणि खटपट करून खाणं काढायचं खेळणं शेजारी शेजारी ठेवलं, तर मांजरांनी बहुतेक करून थाळीच पसंत केली. त्यामुळे पहिल्याच दिवशी अवघड कोडं दिलं की मांजर पाठ फिरवतं आणि माणसं म्हणतात, याला आवडत नाही. सुरुवात अगदी सोपी हवी, दाणे दिसतील आणि जराशा धक्क्याने बाहेर पडतील अशी. मांजर खातंय ना, यावर लक्ष ठेवा. मांजराने दिवसभर काहीच न खाणं चांगलं नाही.

टोपली कपाटात गेली. एका वेळी दोनच खेळणी बाहेर, दर दोन-तीन दिवसांनी बदलून. खिडकीशी बसायला एक पक्की, उंच जागा झाली. जाळी घट्ट आहे हे आधी हाताने ओढून बघितलं. बाहेर पक्षी, पानं, माणसं, तासन्‌तास पुरेल एवढं असतं. रिकामी खोकी तर फुकटचा खजिना आहेत. नेदरलँड्समध्ये निवारागृहातल्या मांजरांना लपायला खोकी दिली, तेव्हा ती नव्या जागी लवकर रुळली. कॅटनिपचंही, म्हणजे मांजरांना भुरळ घालणाऱ्या वनस्पतीचंही, मीनलने विचारलं. जरूर देऊन बघा, पण तीनातल्या एका मांजरावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, आणि लहान पिल्लांवर तर होतच नाही. खंड्याने ते हुंगलं आणि तो निघून गेला. विषय तिथेच संपला.

काठी-दोरीचं खेळणं मात्र खेळ संपला की बंद कपाटात. दोरा, रिबन, लोकर गिळली गेली तर आतडी गोळा होतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, डॉक्टरांकडे न्या.

पहाटेच्या ओरडण्याला माझा उपाय समीरला निष्ठुर वाटला. ओरडल्यावर उठायचं नाही, रागवायचं नाही, खायला तर मुळीच द्यायचं नाही. "पण तो थांबतच नाही," तो म्हणाला. थांबत नाही, कारण आजवर कधी ना कधी कुणीतरी उठलेलंच असतं. सुरुवातीला आवाज उलट वाढतो, आणि नेमकं तेव्हाच माणसं हार मानतात. त्यांनी ठरल्या वेळी आपोआप उघडणारं खाद्याचं यंत्र लावलं. पहाटेचा घास माणसाकडून न येता यंत्रातून यायला लागला, तसा खंड्या त्यांच्या दाराऐवजी यंत्राशी जाऊन बसायला लागला. पायांवरच्या झडपा कमी झाल्या. पूर्ण थांबल्या नाहीत. पांघरुणाखाली पाय हलवून त्याला खेळवायची समीरची सवय सुटायला वेळ लागला. हात-पाय हे खेळणं नाही, हे घरातल्या प्रत्येकाने पाळलं तरच मांजर ते शिकतं.

आणि अन्यायाचं काय? मी त्यांना सरळ सांगितलं: घरात ठेवणं हा अन्याय नाही. गाड्या, कुत्री, मारामाऱ्या आणि त्यातून होणारे संसर्ग यांपासून तो वाचतो, पक्षीही वाचतात. मात्र त्याची शिकार आपण बंद केली असेल, तर तिची जागा भरणं हे आपलं रोजचं काम आहे, आणि ते दिवसाला वीस मिनिटांत होतं.

शेवटच्या भेटीत मीनलने जवळपास सगळेच विचारतात ते विचारलं. "त्याला सोबत म्हणून दुसरं मांजर आणू का?"

"तुम्हाला दुसरं मांजर हवंय का?" मी विचारलं.

"तसं नाही. त्याच्यासाठी."

मग नको. काही मांजरांचं मस्त जमतं, पण मोठ्या मांजराच्या लेखी नवं मांजर आधी घुसखोर असतं. तुम्हाला स्वतःला हवं असेल तेव्हा आणा. पहिले दिवस वेगळ्या खोलीत, आधी एकमेकांच्या अंथरुणांचा वास, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून नजरभेट. दोघांसाठी शी-शूची माती भरलेली तीन भांडी, वेगवेगळ्या जागी. आणि खेळ दोघांशी वेगवेगळा, कारण दोन शिकाऱ्यांपुढे एकच सावज ठेवलं तर एक जण नुसता बघत बसतो, आणि त्याच्यापर्यंत पिसं कधीच पोचत नाहीत.