एक पुस्तक गोष्टीचं, एक कामाचं

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. संभाजीनगरातल्या तुझ्या खोलीतल्या मुली म्हणतात, कादंबऱ्या वाचत बसलीस तर ही राज्यसेवेची परीक्षाही गेली म्हणून समज. क्लासचे सर म्हणतात, अभ्यासक्रमाबाहेरचं पान उलटू नको. दादानं 'आयुष्य बदलून टाकणारी' म्हणून चार पुस्तकं पाठवली, ती तू अर्ध्यातच ठेवून दिलीस आणि आता त्याचंही मनाला लावून घेतलंयस. शेवटी मला विचारतेस, काका, खरोखर उपयोगी पडतील अशी पाच पुस्तकं सांगा.

पाच नाही सांगत, जोड्या सांगतो. वाचनालयाच्या टेबलामागं बसून मी आयुष्यभर एकच गोष्ट धरून राहिलो आणि ती तुझ्याही गळी उतरवणार आहे. उशाशी एका वेळी दोन पुस्तकं ठेव. एक गोष्टीचं, एक कामाचं. आणि शक्यतो दोन्ही एकाच दुखण्यावरची.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा तुला शाळेच्या पुस्तकात भेटली असेल. चंदनशिव आपल्याच भागातले, कळंबकडचे. बाप आणि लेक टोमॅटो घेऊन बाजारात येतात, भाव पडत पडत मातीमोल होतो आणि शेवटी बाप आपणच पिकवलेला माल पायाखाली तुडवतो. मी ती कथा किती जणांना वाचायला दिली असेल! वाचून लोक परत येत, डोळे पुसत, 'लई भारी लिहिलंय' म्हणत आणि पुस्तक जमा करून जात. मी विचारायचो, मग पुढं काय? त्यांना प्रश्नच कळायचा नाही.

पुढं बाजार समितीचा कायदा. १९६३ चा आहे. तो अख्खा वाचू नको, पण माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची जी पट्टी पडते ती समोर ठेव आणि तिच्यापुरता वाच. पट्टीवर वर नाव, माल, वजन, भाव. खाली वजाबाकी सुरू होते: हमाली, तोलाई, आणखी काय काय. शेवटी हातात येणारा आकडा. त्यातली प्रत्येक ओळ कोणत्या नियमानं लागली आणि कोणती नियम नसताना लागली, हे कळलं पाहिजे. २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून घ्यायची बंद केली, ती खरेदी करणाऱ्यानं द्यायची असं ठरलं. हे किती बापांना ठाऊक आहे? आणि ज्या लेकरांनी 'लाल चिखल' वाचून डोळे पुसले, त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्या बापाची पट्टी हातात घेऊन बघितली?

नुसती कथा वाचली की माणूस हळहळतो आणि झोपी जातो. नुसता कायदा वाचणारा उद्या सहायक निबंधक होऊन समितीत बसेल, पण टोपलं डोक्यावरून उतरवणाऱ्या माणसाचं तोंड त्याला दिसणार नाही. तुला त्या खुर्चीत बसायचंय म्हणून तर मी इतका जीव तोडून लिहितोय.

आता किल्लारीचा भूकंप. तुझा जन्म नंतरचा, तुला ती धड्यातली तारीख. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती, चार वाजायला काही मिनिटं कमी. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही औशाकडचे, आमच्या नात्यातली घरं गेली. त्या घरांची रचना नीट समजून घे. दगडाच्या भिंती, दोन-अडीच फूट जाड, दगड मातीत बसवलेले. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद, दर काही वर्षांनी आणखी माती चढवलेलं. उन्हाळ्यात आत गारवा. पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली ती घरं आम्हाला भक्कमच वाटायची. पण भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असत आणि त्या दोन पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला, पदर सुटले, माळवदाचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. पुढं, भूकंपात न पडता उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायची साधी पद्धत लोकांना दाखवली गेली. गावातला गवंडी करू शकेल इतकी साधी.

मला याची चुटपुट मरेपर्यंत राहील. आरपार दगड घालावा हे बांधकामाच्या पुस्तकांत होतं, कोणा एकाची गुप्त विद्या नव्हती. आमच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांची कपाटं भरलेली होती, पण घर कसं बांधावं यावर गवंड्याच्या हातात देता येईल असं एक पुस्तक नव्हतं. कोणी मागितलंही नव्हतं. लातूरच्याच अतुल देऊळगावकरांनी या भूकंपावर 'डळमळले भूमंडळ' लिहिलं आहे, ते मिळव. या जोडीतली गोष्टीची बाजू मात्र माझ्याकडं रिकामी आहे. त्या पहाटेवरची मनाला पुरेल अशी कादंबरी मला आजवर भेटली नाही. तोवर त्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांशी बोल. तुझी आजी तिकडचीच ना? तिला विचार, आणि विचारताना वही घेऊन बसू नको.

आमच्या घरात काय घडलं तेही सांगतो, कारण त्यानंच मी इतका हट्टी झालो. वडील गेल्यावर शेताच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायची, नोटीस चावडीवर लागली. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. आम्ही दोघं भाऊ वाचणारे, संध्याकाळी ओट्यावर बसून कादंबऱ्यांतली माणसं खरी की खोटी यावर भांडणारे. पण फेरफार म्हणजे काय, त्यात नाव राहून गेलं तर काय होतं, हे घरात एकालाही माहीत नव्हतं. मुदत निघून गेली. पुढं भावानं तहसीलच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या की त्याचं वाचनच सुटलं. तो शेवटपर्यंत म्हणायचा, पुस्तकांनी काय दिलं आपल्याला? मला त्याला उत्तर द्यायचं होतं आणि ते देण्याआधीच तो गेला. हे पत्र थोडंफार त्यालाही आहे.

म्हणून मी वाचनालयात नियम केला, गोष्टीची आणि कामाची पुस्तकं जोडीनंच घ्यायची. कमिटीला तो पटला नाही. पोरं अभ्यासिकेत येतात, त्यांना गाइड पाहिजेत, अनुदान तुटपुंजं, मग कथा-कादंबऱ्या कशाला, असं दर बैठकीत निघायचं. त्याआधीची कमिटी नेमकी उलट बोलायची. वाचनालय म्हणजे साहित्य, जमिनीच्या कायद्याची आणि शेतीची पुस्तकं इथं कशाला? मी दोघांनाही एकच सांगितलं. आपण सोयाबीनच्या चार तासांमागं, म्हणजे ओळींमागं, तुरीची दोन तासं पेरतो. सोयाबीन दसरा-दिवाळीत घरात येतं, तूर संक्रांतीपर्यंत रानात उभी राहते. पावसानं एकाला दगा दिला तर दुसरं वर्ष तारून नेतं. रानात हे करणारा माणूस पुस्तकांच्या बाबतीत एकच पीक का घेतो? कमिटीतल्या शेतकऱ्यांनी मान हलवली, बाकीचे चिडले. मी खरेदीची यादी कधी बदलली नाही. यावरून माझी वेतनवाढ अडवली गेली, मागून नाही नाही ते बोललं गेलं. तरीही मला वाटतं मी बरोबर होतो. आजही तीच यादी करीन.

दादाच्या चार पुस्तकांबद्दल स्पष्ट लिहितो. पहाटे उठ, स्वतःवर विश्वास ठेव, मोठं स्वप्न बघ, हे सांगणारं पुस्तक मी कामाचं म्हणत नाही. तुला पहाटे उठायला कोणी शिकवायची गरज नाही, तुझी आई चारला उठते. कामाचं पुस्तक म्हणजे जे वाचून दुसऱ्या दिवशी हातानं काही करता येतं. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा वाच आणि दहा रुपयांचा स्टँप लावून एक अर्ज खरोखर टाक, तीस दिवसांत काय उत्तर येतं ते बघ. जमीन महसुलाची सोपी पुस्तकं मिळतात, त्यातलं एखादं घेऊन घरचा सातबारा ओळीओळीनं वाच. मराठवाड्यात कुळांचा कायदासुद्धा वेगळा आहे, १९५० चा हैदराबादचा. आपण निजामाच्या राज्यात होतो हे असं कागदात अजून जिवंत आहे. त्याच्या जोडीला अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' ठेव. मोठं आहे, सावकाश वाच. क्लासच्या नोट्समधली दीड पानाची मुक्तिसंग्रामाची टिपणं त्यानंतर तुला पुरणार नाहीत.

बाकीच्या जोड्या भराभर सांगतो. अर्थशास्त्रात बाजारातल्या स्पर्धेचं प्रकरण वाचशील तेव्हा रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घे, १९७१ ची. गावातल्या शिंप्याची बायको आपल्या बोलीत बोलते. गावात दुसरा शिंपी आला की एका घरात काय काय उसवतं ते त्यात आहे. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, त्याच्या शेजारी सदानंद देशमुखांची 'बारोमास' ठेव. त्यातला एकनाथ शिकून-सवरून घरी बसलेला, नोकरीसाठी पैसे भरायची ऐपत नसलेला. तुझ्या वर्गात असे किती आहेत ते तूच मोज. परभणीकडचे आसाराम लोमटे पत्रकारही आहेत आणि कथाकारही. त्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बातमीत जे मावत नाही ते त्यांनी कथेत कसं आणलंय ते बघ. आणि प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी'. ते कादंबरी नाही, आठवणी आहेत, पण माझ्या हिशोबात गोष्टीच्याच बाजूला. पोरकं, उपाशी लेकरू शाळेसाठी काय काय सोसतं ते वाच आणि एका संध्याकाळी नागसेनवनात चालत जा. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली तिथं कॉलेज का सुरू केलं, हे ते पुस्तक वाचलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तुझ्या मैत्रिणींना दाखवायला एक कारण देतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, निबंध लिहावा लागतो, मुद्दा स्वतःच्या भाषेत मांडावा लागतो. ते पर्यायांना गोल करून येत नाही. पण हे कारण तू स्वतःसाठी धरू नको. परीक्षेसाठीच वाचायचं तर परीक्षा झाल्यावर वाचन थांबेल, आणि खरी गरज त्यानंतर, टेबलाच्या पलीकडून माणसं समोर येऊन उभी राहतील तेव्हा आहे.

वेळ नाही असं म्हणू नको, माय. रात्री अर्धा तास. वीस पानं गोष्टीची, पाच पानं कामाची, एवढंच. न आवडलेलं पुस्तक पन्नास पानांनंतर बिनधास्त सोड, पण जोडी मोडू नको. सोडलेल्याच्या जागी त्याच बाजूचं दुसरं घे. विकत घेऊ नको, पैसे मेसला लागतात. औरंगपुऱ्यात बळवंत वाचनालय आहे, तिथं वर्गणी भर आणि टेबलामागं बसलेल्या माणसाला नमस्कार करून विचार, तो शोधून देईल.

सुरुवात 'लाल चिखल'नं कर, परत वाच. रविवारी घरी फोन करशील तेव्हा बाबांना म्हण, गेल्या हंगामातल्या सोयाबीनच्या पट्टीचा फोटो पाठवा. ती वाचून कोणती ओळ समजली नाही ते मला कळव. दोघं मिळून बघू.

तुझा
वाचनालयातला काका