शंका विचारणे पाप आहे का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, अकरावीत शिकणारी कॅथलिक मुलगी आहे. लवकरच माझा दृढीकरण संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्याने मिळालेला विश्वास पक्का करण्याचा विधी, आहे. देव एकच असताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे कसे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले, तेव्हा "अशा शंका काढू नयेत" एवढेच उत्तर मिळाले. दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही. माझी जिवलग मैत्रीण हिंदू आहे. गणपतीत मी तिच्या घरी आरतीला असते आणि नाताळच्या आधी ती आमच्याकडे नेवऱ्या करू लागते. तिचे तारण होणार नाही, म्हणजे तिला मुक्ती मिळणार नाही, असे मानायचे का? मनात असे प्रश्न असताना दृढीकरण घेणे पाप ठरेल का?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांवर त्याच भीतीचे दडपण आहे. प्रश्न पडणे पाप नाही. समजून घेण्याची इच्छाच सोडून देणे ही वेगळी गोष्ट. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप रडत सांगतो, की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. आणि प्रभू येशू त्याला न झिडकारता त्याच्या मुलाला बरे करतो. मरणातून उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला येशूने शिष्यांतून काढून टाकले नाही, तर हात पुढे केले, आणि "माझा प्रभू, माझा देव" ही कबुली त्याच थोमाच्या तोंडून आली. आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मलेले मराठी लेखक बाबा पदमनजी हेही १८५४ साली बाप्तिस्मा घेण्यापूर्वी दीर्घकाळ वाचत आणि विचार करत राहिले होते.

त्रैक्याविषयी, म्हणजे एका देवातल्या तिघांविषयी, थोडक्यात सांगतो. तू रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, विश्वासाची जी कबुली म्हणतेस तो विश्वासांगीकार ३२५ सालच्या नायसियाच्या आणि ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांतून घडला, म्हणजे तुझ्या प्रश्नावर थोर धर्मपंडितांनीही पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. तीन देव नाहीत आणि एकच देव तीन सोंगे घेतो असेही नाही. तत्त्व एक, व्यक्ती तीन, अशी शिकवण आहे. पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टांत हमखास दिला जातो, पण तो नेमका त्या सोंगांच्या कल्पनेकडेच नेतो, म्हणून तो मनातून काढून टाक. देव मुळातच एकाकी नसून त्याच्या ठायी अनादि काळापासून प्रेमाचे नाते आहे, हा या शिकवणीचा गाभा मला वाटतो.

मैत्रिणीचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो प्रेमातून आला आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६४ साली स्पष्ट म्हटले आहे, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि सद्‌सद्‌विवेकाला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते. चर्चच्या शिकवणीप्रमाणे तेही ख्रिस्ताच्याच कृपेने होते, हे खरे. परंतु अमुक व्यक्ती तारणाबाहेर आहे, असा निवाडा करण्याचा अधिकार तुला, मला किंवा वर्गातल्या कोणालाच दिलेला नाही. तिच्यासाठी प्रार्थना कर आणि मैत्री मोकळेपणाने राख.

दृढीकरणाच्या वेळी तू बाप्तिस्म्याच्या वचनांचा स्वतःच्या तोंडाने पुनरुच्चार करणार आहेस. त्यापूर्वी हेच पत्र घेऊन आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना एकांतात भेट. तयारीला आणखी वेळ हवा असे वाटले, तर संस्कार पुढच्या वर्षी घ्यावा, असे त्यांना निःसंकोच सांग, आणि आईवडिलांनाही ते आधी कळू दे.