“सर, माझे दुकानदार बोलतच नाहीत”

वाणिज्य आणि व्यवस्थापनात पीएच.डी. करणाऱ्यांची ही तक्रार आता तोंडपाठ झाली आहे: ऑडिओ डायरी (लोकांनी आपले अनुभव घडतील तसे स्वतःच्या आवाजात फोनवर नोंदवायचे) ही पद्धत घेतली, पण लोक बोलतच नाहीत. जालन्याची एक विद्यार्थिनी जूनमध्ये हेच घेऊन आली. विषय कृषी सेवा केंद्रांतल्या उधारीचा. १२ दुकानदार, रोज रात्री नऊला व्हॉइस नोट. दहा दिवसांत पाच जण गळाले, बाकीचे “आज गिऱ्हाईक बरं होतं, मॅडम” एवढ्यावर मोकळे. गाईडला काय दाखवू, म्हणून ती रडवेली.

“विचारलं काय होतंस त्यांना?”

“आज उधारी देताना कोणत्या घटकांचा प्रभाव पडला?”

“ही तर प्रश्नावली झाली. गल्ला मोजून दमलेला माणूस याला काय सांगणार?”

प्रश्न बदलला: ‘द्यावं की नाही, असा विचार पडला असं आजचं एक गिऱ्हाईक आठवा. ते दुकानात आलं तिथून सांगा.’ नऊची वेळ काढून टाकली; गिऱ्हाईक पायरी उतरलं की लगेच बोलायचं. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे, दोनेक मिनिटं.

पुढच्या भेटीत तिने फोन टेबलावर ठेवला. मागे ट्रॅक्टरची घरघर. “मागल्या सालचे अठरा हजार बाकी हायेत त्याच्याकडं. नाहीच म्हणणार होतो. पण संगं पोरगं होतं. पोरासमोर कसं नाही म्हणावं? दोन बॅगा दिल्या.” मग बराच वेळ फक्त ट्रॅक्टर. “...वहीत लिवलं नाही अजून.”

टाइप केलेल्या कागदावर ती शांतता नव्हती. घड्याळ लावून मोजली: ८ सेकंद. “कंसात लिही,” म्हटलं, आणि तिचा चेहरा उजळला. दिवाळीनंतर मुलाखत घेतली असती, तर हाच माणूस “जुनी वसुली बघूनच देतो” म्हणाला असता, आणि ते खोटंही नसतं. आठवण माणूस साठवत नाही, दर वेळी नव्याने रचतो, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. ऑडिओ डायरी ती रचना व्हायच्या आधी पकडते.

गळालेल्या पाच जणांच्या तारखा पावसाशेजारी मांडल्या. मृगाचा पाऊस पडला आणि बियाण्याला रांगा लागल्या, त्याच दिवसापासून व्हॉइस नोटा बंद. म्हणजे कंटाळा नव्हे, धांदल. न आलेल्या नोटेचीही तारखेसह नोंद हवी. नोट पाठवायची आठवण एकदाच करून द्यावी. दुसऱ्यांदा केली की उधारीचा तगादा वाटतो!

हिशोब आधी मांडावा. १२ जणांच्या १२-१२ म्हणजे १४४ नोटा, जवळपास पाच तास. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास, म्हणजे २० ते ३० तासांचं काम. आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअर ‘लिवलं’, ‘हायेत’ला अडखळतात, कानाने तपासणं सुटत नाही. दुकानदाराची संमती ही गिऱ्हाइकाची संमती नव्हे, तेव्हा गिऱ्हाइकाचं नाव, गाव काढायचं. आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, नोट वाजवायची नाही. फाइल पासवर्डच्या लॅपटॉपवर नेली की फोनमधून पुसायची.

“पण सर, बाराच जण?” जण बारा, पण प्रसंग १४४ पर्यंत जातात. फक्त ‘इतके टक्के दुकानदार’ असलं वाक्य प्रबंधात येऊ देऊ नये.

सोयाबीनची वसुली झाल्यावर शेवटची मुलाखत, ज्याची त्याला नोट ऐकवून. पहिला प्रश्न तिने आत्ताच लिहून ठेवलाय: त्या दोन बॅगा वहीत कधी चढल्या?